हात लावायचं दालन

संग्रहालयातलं माझं काम बोलण्याचं. शाळांच्या सहली आल्या की मुलांना दालनांतून फिरवायचं, उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिरं घ्यायची, वन्यजीव सप्ताहात भाषणं आणि चित्रकलेच्या स्पर्धा ठेवायच्या, वर्षातून दोन-तीन तात्पुरती प्रदर्शनं उभी करायची. आमच्याकडे खालच्या मजल्यावर पक्षी, प्राणी, शंखशिंपले आणि कीटक आहेत; वरच्या मजल्यावर शेतीची अवजारं, कापडं, भांडी, वाद्यं. पाट्या इंग्रजीत आणि तेलुगूत. तोंडी सांगायचं ते मात्र ज्याला जी भाषा हवी तीत. माझे आजोबा जुन्या हैदराबाद राज्यात नांदेडकडची शेती भावांवर सोपवून इथं हैदराबाद शहरात नोकरीला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. लग्न होऊन मी अंबरपेठेत आले तर तिथंही तेच, घरात मराठी, दारात तेलुगू आणि रिक्षात दखनी. या तिन्ही भाषांत न अडखळता बोलता येतं, म्हणून तर मला ही नोकरी मिळाली. बरीच वर्षं मी ती चांगली केली, असं मला वाटत होतं.

एका डिसेंबरात अंध मुलींच्या शाळेची सहल आली. वीस-बावीस मुली, पुढचीच्या खांद्यावर हात ठेवून रांगेत. सोबत त्यांच्या बाई. त्याही अंध. हातात पांढरी काठी, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी. मी आदल्या दिवशी खूप तयारी केली होती. मुलींना दिसत नाही तर आपण शब्दांनी दाखवू, असं ठरवलं होतं. पक्ष्यांच्या दालनात मी जवळजवळ पाऊण तास बोलले. मोराच्या मानेचा रंग सांगितला, गिधाडानं पंख पसरले की ते केवढं होतं ते सांगितलं, घुबडाचं तोंड बदामासारखं कसं दिसतं ते सांगितलं. पक्ष्यांचे आवाज काढून दाखवले. मुली हसल्या, मला बरं वाटलं.

सगळ्या बाहेर निघाल्यावर एक मुलगी मागे राहिली. नववीतली असावी. कपाटांच्या काचांवरून तळहात फिरवत ती हळूहळू चालली होती. शेवटच्या कपाटापाशी थांबून तिनं मला तेलुगूत विचारलं, "मॅडम, म्यूझियम म्हणजे सगळी काचच असते का?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. मी सांगितलं की पक्षी काचेच्या आत आहेत. ती "अच्छा" म्हणाली, थँक्यू म्हणाली आणि मैत्रिणीचा खांदा शोधायला पुढे गेली.

बसपाशी मी बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका. पोरींना बसनं फिरायला मिळालं, तुमच्या बागेत डबा खाता आला, सहल झाली त्यांची. त्या माझी समजूत काढत होत्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताना डोक्यात एकच गोष्ट होती. माझं बोलणं त्या दिवशी चांगलंच झालं होतं, आणि त्या मुलीच्या हाताला त्यातलं काहीच लागलं नव्हतं. हे असं चालणार नाही, असं मी बसमध्येच ठरवलं. काय करायचं ते मात्र अजिबात माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डायरेक्टर साहेबांकडे गेले. दोन-चार पक्षी कपाटाबाहेर काढून मुलींना हात लावू द्यायचा, एवढीच माझी मागणी होती. साहेब वनस्पतिशास्त्राचे, मितभाषी माणूस. ते उठले आणि मला खाली दालनात घेऊन गेले. एका जुन्या बगळ्याचं कपाट उघडून त्यांनी त्याच्या पायाशी जमलेली बारीक पांढरी भुकटी दाखवली. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांच्या कातड्याला आतून सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, लावलेला असतो, किडीनं खाऊ नये म्हणून. वर्षानुवर्षं तो थोडाथोडा बाहेर झिरपतो. हे मला ऐकून माहीत होतं, पण मी ते सोयीनं विसरले होते.

"ही पूड पोरींच्या बोटांना लागली असती," साहेब म्हणाले, "आणि त्याच बोटांनी त्यांनी बागेत डबा खाल्ला असता. मग?"

 त्या दिवशी मी परत आले. पुढच्या सोमवारी लेखी टिपण घेऊन पुन्हा गेले. त्यावर साहेबांनी 'चर्चा करावी' असा शेरा मारला आणि चर्चा काही झाली नाही. महिन्यानं मी दुसरं टिपण दिलं. ते समितीपुढे गेलं. समितीतल्या एका सभासदांनी विचारलं की अंध माणसं संग्रहालयात मुळात येतातच किती. मी म्हटलं, आल्यावर त्यांना काच मिळत असेल तर कशाला येतील. तो प्रश्नही मग तिथंच राहिला. चौथ्या वेळी मी साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर सकाळपासून बसून राहिले. दुपारी त्यांनी आत बोलावलं आणि अटी सांगितल्या. कपाटातला एकही नमुना बाहेर निघणार नाही. विषारी काही वापरायचं नाही. वनखात्याच्या कायद्यात अडकेल असं पीस किंवा हाड आणायचं नाही. आणि दालन म्हणून मागची सायकल स्टँडलगतची पॅकिंगची खोली मिळेल, जिथं मोडके स्टूल आणि रिकामी खोकी पडलेली असत. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं.

म्हणजे आता पक्षी बनवायचे होते. त्यासाठी मला एकच माणूस माहीत होता. आमच्या दालनातले निम्मे पक्षी ज्यांच्या हातचे, ते चाचा. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांची शेवटची वर्षं चालू होती. शिकार बंद झाली, कायदे आले, नवीन कातडी येईनाशी झाली आणि त्यांच्यानंतर त्या जागेवर कुणाला नेमलंच नाही. ते मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत राहत. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं. त्यांची जुम्म्याची नमाज आटोपल्यावर मी गेले.

चहा झाला, जुन्या आठवणी झाल्या. मी विषय काढला तसे ते मान हलवायला लागले.

"बेटी, सारी जिंदगी मैं लोगां को बोला, हात नक्को लगाओ," ते म्हणाले. "अब मैंच बोलूं, लगाओ?"

शिवाय कागद-मातीचे पक्षी म्हणजे खेळणी, ती जत्रेत शोभतात, संग्रहालयात नाही, असंही त्यांनी सुनावलं. आणि मग दोन्ही हात पुढे करून दाखवले. बोटं थरथरत होती. खरं कारण बहुधा ते असावं.

मी खट्टू झाले, पण थांबले नाही. दिलसुखनगरला गणपतीच्या मूर्ती करणारा एक कारागीर माझ्या नवऱ्याच्या ओळखीचा होता. त्याला घुबडाचे चार बाजूंनी काढलेले फोटो दिले. पंधरा दिवसांत त्यानं घुबड दिलं. मला ते फार आवडलं. डोळे, चोच, अंगावरचे ठिपके, सगळं जिथल्या तिथं. ते कापडात गुंडाळून मी मोठ्या अभिमानानं चाचांकडे घेऊन गेले. तुम्ही नाही म्हणालात तरी बघा काम होतंय, असं थोडंफार दाखवायचंही होतं.

चाचांनी घुबड मांडीवर घेतलं आणि डोळे मिटले. डोकं, मान, पाठ, पोट अशी बोटं फिरत गेली. पायांपाशी आली आणि थांबली.

"इन्ने कब्बी उल्लू हात में लिया?"

मी म्हटलं, नाही, फोटोवरून केलंय.

"हौ. फोटूच बनाया उन्ने."

आणि मग त्यांचा पारा चढला. पक्ष्याच्या पायात जो मागे वळलेला सांधा दिसतो तो गुडघा नव्हेच, तो घोटा. गुडघा वर पिसांत दडलेला असतो. मूर्तिकारानं पायाला माणसाचा गुडघा लावला होता. मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते त्याला कळलं नव्हतं. आणि वजन! चाचांनी घुबड माझ्या हातात आदळलंच. म्हणाले, हा तर दगड आहे, घुबड उडतं हे तुला ठाऊक आहे ना? डोळेवाल्यांना हे चालून जाईल, कारण ते नुसतं बघतात; पण जी पोर हातानं बघणार तिला तू हे खोटं घुबड देणार होतीस?

  ते थोडा वेळ धुमसत राहिले. मग उठून आतून एक पत्र्याची पेटी काढली, तीत त्यांच्या पकडी, सुया, तारा होत्या, आणि मला म्हणाले की येत्या शुक्रवारी रद्दी घेऊन ये, जितकी मिळेल तितकी.

त्यानंतरचे चार महिने माझे शुक्रवार आणि रविवारच्या सकाळी मलकपेठेत गेल्या. रद्दी भिजवून, कुटून लगदा करायचा, मैद्याच्या खळीत मळायचा, तारेच्या सांगाड्यावर चढवायचा. चाचांची बोटं थरथरत असल्यामुळे बारीक काम माझ्याकडे आलं. ते डोळे मिटून तपासत आणि "हल्लू, हल्लू" म्हणत. चुकलं की सगळं उपटायला लावत. पिसं कोंबडीवाल्याकडून आणली, रिठ्याच्या पाण्यात धुतली आणि आमच्या गच्चीवर वाळवली. शेजारणी आठवडाभर विचारत होत्या की तुमच्याकडे गाद्या करताय का. घुबडाच्या चोचीभोवतीचे राठ केस रेसकोर्सच्या तबेल्यातल्या घोड्यांच्या शेपटीचे. ते चाचांनी ओळखीच्या मोतद्दाराकडून मागून आणले होते.

सर्वांत जास्त वेळ वजनात जायचा. पक्षी तयार झाला की चाचा तो तळहातावर घेऊन बसत आणि पोटातल्या भोकातून चमच्यानं वाळू घालत, नाहीतर काढत. चिमणी म्हणजे मूठभर लाह्या, असं ते म्हणत. त्यांनी भरलेल्या प्रत्येक पक्ष्याचं वजन त्यांच्या हातात राहिलं होतं. मी इतकी वर्षं घारीबद्दल बोलत होते, पण ती हातात घेतल्यावर इतकी हलकी असते हे मला पहिल्यांदा तेव्हा कळलं.

घरी सासूबाईंना माझं हे चाललेलं सगळं दिसत होतं. त्यांचं माहेर उदगीरकडचं, शेतकऱ्याचं घर. एका संध्याकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, डोळ्यांवर माझीच ओढणी बांधली आणि पुढे ताट ठेवलं. ताटात सात-आठ वाट्या होत्या. ओळख, म्हणाल्या. मला तूर आणि हरभरा एवढंच ओळखता आलं. ज्वारी आणि बाजरीत मी घोळ केला, जवस आणि तीळ मला एकच वाटले. त्यांनी माझा हात धरून पुन्हा एकेका वाटीत घातला. जवस निसटतं, तीळ चिकटून राहतात. करडई टोचत नाही, पण तिचं झाड टोचतं. जुनी ज्वारी हाताला थोडी राकट लागते.

"पाखरं ठेवताव, मग पाखरं खातेत ते बी ठेवा की," त्या म्हणाल्या.

म्हणून दुसरं टेबल धान्याचं झालं. कणसं, बोंडं, शेंगा आणि वाट्या. वरच्या मजल्यावरच्या पेरणीच्या पाभरीला हात लावायची परवानगी नव्हती, तेव्हा सासूबाईंनी भावाला फोन करून गावाकडून पेरणीचं लाकडी चाडं मागवलं. मूठभर ज्वारी त्यात सोडली की ती नळ्यांतून खाली कशी उतरते ते हातांना कळायचं.

खोली लावून झाली तेव्हा मी शाळेच्या बाईंना तपासायला बोलावलं. आता त्या खूश होतील अशी माझी खात्री होती. त्या आल्या, काठी कोपऱ्यात ठेवली आणि तासभर एकट्या फिरल्या. मग खुर्चीवर बसून त्यांनी चुका सांगायला सुरुवात केली. ब्रेलच्या पट्ट्या भिंतीवर उभ्या लावल्या होत्या, त्या वाचताना मनगट मोडतं; टेबलावर आडव्या, पुढच्या कडेला हव्यात. टेबलं उंच झालीत. प्रत्येक पट्टीवर मजकूर फार आहे, तुम्ही बोलता तसं लिहिलंय. आणि समितीच्या सांगण्यावरून आम्ही सगळे पक्षी लाकडी पाटांना स्क्रूनं पक्के बसवले होते, ते त्यांना मुळीच पटलं नाही.

"तुम्ही बाजारात वांगं पिशवीला बांधून बघता का?" त्यांनी विचारलं. "उचलू द्या. पडेल, मोडेल. आमच्या मुली कपबशा रोज धुतात, फोडत नाहीत."

मी त्या दिवशी नाराज झाले, हे कबूल करते. इतकं केल्यावर कुणीतरी छान म्हणावं असं वाटत होतं. पण रात्रीचं जेवण होईतो मला पटलं होतं की त्यांचा एकही मुद्दा चुकीचा नाही. टेबलांचे पाय कापून घेतले. मजकूर तीन-तीन ओळींवर आणला. स्क्रू काढण्यासाठी पुन्हा समितीपुढे गेले, आणि मोडलं तर माझी जबाबदारी, असं लिहून दिलं.

उद्घाटनाला नऊ दिवस राहिले असताना सकाळी खोली उघडली तर घुबडाचं डोकं जमिनीवर होतं. घारीचा एक पंख कुरतडलेला. गिधाडाचं पोट फाडून आतला लगदा टेबलभर पसरलेला. उंदीर. मैद्याच्या खळीचा वास त्यांना लागला होता. मी तिथंच खोक्यावर बसले. 

साहेब येऊन बघून गेले. त्यांनी शांतपणे सुचवलं की दोन महिन्यांनी करू, घाई काय आहे. मी चाचांना फोन केला.  ते म्हणाले की खळीत विषारी मोरचूद घालतात, मीही आयुष्यभर घालत आलो. या वेळी पोरींचे हात लागणार म्हणून घातलं नाही.

"जो बच्चियां के हात को चलता, वो चूहे को भी चलता, बेटी," ते म्हणाले. "अब बोलो, क्या करना?"

मी म्हटलं, तारीख तीच. ते "हौ" म्हणाले.

पण दोघांच्या हातून नऊ दिवसांत ते होणं शक्य नव्हतं. चाचांची बोटं, माझी नोकरी. तेव्हा मी शाळेच्या बाईंना फोन केला आणि विचारलं की मोठ्या मुली मदतीला पाठवाल का. खरं सांगायचं तर मी नाइलाजानं विचारलं होतं. बाईंनी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सहा जणींना घेऊन बस धरली.

आदल्या डिसेंबरात काचेवर हात फिरवणारी ती मुलगी त्यांत होती. आता दहावीत गेली होती. चाचांना रिक्षानं आणून खोलीत खुर्चीवर बसवलं होतं. त्यांनी मुलींना समोर गोल बसवलं आणि प्रत्येकीला आपल्याच दंडाला हात लावायला सांगितलं. खांदा, कोपर, मनगट, बोटं. पक्ष्याच्या पंखातही हेच असतं, याच क्रमानं, फक्त बोटं लांब झालेली, असं त्यांनी सांगितलं आणि गिधाडाचा तारेचा पंख त्यांच्या मांड्यांवर आडवा ठेवला. मुलींनी तो खांद्यापासून टोकापर्यंत चाचपला.  मग त्या मुलीनं विचारलं की याचा अंगठा कुठं आहे. चाचांनी तिचं बोट धरून पंखाच्या कडेवरच्या छोट्या उंचवट्यावर नेऊन ठेवलं. मी इतकी वर्षं त्या गिधाडासमोर उभी राहून बोलत आले, पण पंखाला अंगठा असतो का, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

पुढचे सहा दिवस रोज दुपारी मुली येत राहिल्या. लगदा त्या माझ्यापेक्षा चांगला मळायच्या. पिसं एकावर एक चढवताना त्यांच्या बोटांना दिशा चुकायची नाही, कारण उलटं लागलेलं पीस त्यांना लगेच टोचायचं. चाचा तोंडानं सांगत आणि त्यांचे हात करत. उंदरांसाठी साहेबांनी स्वतः जाळीचे दरवाजे आणि झाकणाच्या पेट्या करून घेतल्या, मला न विचारता. दुपार संपली की पक्षी पेट्यांत बंद व्हायचे.

ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी दालन उघडलं. पाहुणे म्हणून कुणाला बोलावलं नव्हतं. चाचांनी फीत कापावी असं साहेबांना वाटत होतं. चाचांनी कात्री त्या सहा मुलींकडे दिली आणि त्यांनी आळीपाळीनं धरून कशीबशी कापली. मुलींच्या शाळेतल्या सगळ्या वर्गांनी त्या दिवशी तिथं दुपार घालवली. चाड्यातून ज्वारी सोडायला रांग लागली होती. सासूबाई त्या टेबलापाशी स्टुलावर बसल्या होत्या आणि तेलुगू मोडकंतोडकं बोलत प्रत्येक मुठीत दाणे देत होत्या. घारीचं एक नख मोडलं. घुबड दोनदा पडलं आणि काही झालं नाही.

प्रदर्शन पंधरा दिवसांचं होतं. मग महिन्याचं झालं, मग साहेबांनी बदली होऊन जाण्याआधी शेवटची सही करताना ती खोली कायमची दिली. डोळस लोकही येऊ लागले. त्यांना आत सोडायचं की नाही यावर समितीत वाद झाला आणि सोडायचं ठरलं. पुण्या-मुंबईहून इथं आयटीत आलेली मराठी कुटुंबं सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन येतात. त्यांच्या मुलांना मराठी धड वाचता येत नाही, पण बोंडातला कापूस ओढून सरकी बाहेर काढायला कुणी शिकवावं लागत नाही. चाचा दोन वर्षं जमेल तेव्हा येत राहिले. नंतर त्यांना घराबाहेर पडणं झेपेना. ते गेले तेव्हा त्या सहापैकी चौघी त्यांच्या घरी भेटायला आल्या होत्या.

दालनासाठी माणूस हवा होता. तेव्हाचे रखवालदार प्रामाणिक होते, पण कुणी पक्षी उचलला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. काचेवर हात फिरवणारी ती मुलगी तोवर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. मी तिला अर्ज करायला लावला, शनिवार-रविवारसाठी. अर्ज परत आला. कारण दिलं होतं की मार्गदर्शकाला दालनातल्या वस्तू दाखवाव्या लागतात. मी तिला पुन्हा अर्ज करायला सांगितलं आणि सोबत माझं टिपण जोडलं, की या दालनातल्या तीन पक्ष्यांवर तिनं स्वतःच्या हातानं पिसं चढवलेली आहेत, आणि सध्याच्या नोकरवर्गात असं म्हणू शकणारं दुसरं कुणी नाही. तोही परत आला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "मॅडम, राहू द्या, मला बँकेच्या परीक्षाही द्यायच्या आहेत."

"परीक्षा दे," मी म्हटलं. "पण अर्जावर सही कर आधी."

तिसऱ्या अर्जाच्या वेळी मी नव्या डायरेक्टर मॅडमना म्हटलं की कागद बाजूला ठेवा आणि अर्धा तास माझ्याबरोबर चला. आम्ही दालनात गेलो. मुलगी तिथं थांबली होती. तिनं मॅडमच्या हातात घार दिली, पंख उघडायला लावला, त्यांच्याच दंडावरून हात फिरवून खांदा, कोपर, मनगट समजावलं. मॅडम सुरुवातीला अवघडल्या होत्या. नंतर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि प्रश्न विचारायला लागल्या. त्यांतले दोन प्रश्न मला येत नव्हते. तिला येत होते.

नेमणुकीचं पत्र त्याच आठवड्यात निघालं.

तिच्या पहिल्या रविवारी मी मुद्दाम लवकर पोचले, काही अडलं तर जवळ असावं म्हणून. ती माझ्याआधी आली होती. पेट्या उघडून पक्षी मांडून झाले होते. सकाळी पहिलं कुटुंब आलं, आई-वडील, आजी आणि दोन लहान मुली. तिनं त्यांना आधी हात धुवायला लावले, मग आजीला खुर्ची दिली आणि चिमणी तिच्या तळहातावर ठेवली. आजीनं मूठ मिटली नाही, तळहात तसाच पसरलेला ठेवून ती बसून राहिली. मी दाराशी उभी होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की इथं आपलं काही काम नाही, आणि मी वरच्या मजल्यावर अवजारांच्या दालनात गेले. तिथं पाभरीला अजून दोरी लावलेली आहे. ती दोरी काढावी असं टिपण मी गेल्या महिन्यात दिलंय. उत्तर आलेलं नाही. सोमवारी दुसरं देणार आहे.